लांडगीण, मिरी आणि उधारीची वही

पोरोसोन नावाच्या गावात एक फिरता व्यापारी मिरी विकायला येतो. पेढीवर तराजू मांडलेला असतो. एका पारड्यात मिरी पडते, दुसऱ्यात वजनं. दांडी स्थिरावते, आकडा ठरतो, व्यापारी होकार देणार इतक्यात त्याच्याबरोबरची मुलगी कपाळाला हात लावते. भोवळ येतेय म्हणते, तराजू वाकडा दिसतोय म्हणते. पाणी मागवते आणि ते सरळ टेबलावर ओतते. पाणी चहूकडे पसरत नाही, एकाच बाजूला ओघळत जातं. तराजू ठीक, वजनं ठीक. तिरकं आहे ते टेबल. काटा ज्या खुणेशी जुळवायचा ती खूणच कललेली, मग दांडी सरळ दिसली तरी माल कमी भरणारच.

बार्शीच्या मार्केट यार्डात एका भुसार आडतीवर दिवाणजी म्हणून माझी उभी नोकरी गेली. काटा मारायचे प्रकार मी कमी पाहिले नाहीत. पारड्याला खालून चिकटवलेलं मेण पाहिलं, दांडीला हळूच टेकलेली करंगळी पाहिली. पण टेबलच तिरकं करायची युक्ती मला कळली ती एका जपानी कार्टूनमधून. कॉलेजात जाणारी नात म्हणाली, ‘‘आबा, हे बघा, यात नुसती आडत आणि उधारी आहे.’’ मी बसलो तो शेवटच्या भागापर्यंत उठलो नाही.

मालिकेचं नाव ‘स्पाइस अँड वुल्फ’, म्हणजे मसाला आणि लांडगा. मूळ कादंबऱ्या इसुना हासेकुरा या जपानी लेखकाच्या. पहिला भाग २००६ साली आला तेव्हा लेखक पुरता चोवीस वर्षांचाही नव्हता. मुख्य कथा १७ खंडांत २०११ साली संपली आणि २०१६ पासून पुढच्या गोष्टी येऊ लागल्या. पडद्यावर ती २००८ आणि २००९ मध्ये दोन पर्वांत आली, आणि २०२४ मध्ये तीच कथा पहिल्यापासून नव्याने, २५ भागांत. गंमत म्हणजे सोळा वर्षांनीही नायक-नायिकेचे आवाज तेच, जुन फुकुयामा आणि आमी कोशिमिझु यांचे.

तलवारबाजी नाही, राक्षस नाहीत, जग वाचवायची घाई नाही. क्राफ्ट लॉरेन्स हा पंचविशीतला व्यापारी घोडागाडीत माल भरून गावोगाव हिंडतो. एका गावात मीठ घे, दुसऱ्या गावात कातडी घे, कुठे तरी दोन पैसे सुटतील तिथे वीक. कधी तरी एखाद्या गावात स्वतःचं दुकान थाटायचं, एवढंच स्वप्न. एका रात्री गाडीतल्या कातड्यांच्या ढिगावर एक मुलगी झोपलेली सापडते. डोक्यावर लांडग्याचे कान, मागे झुपकेदार शेपूट. ही होलो. पास्लोए गावच्या गव्हाची राखण करणारी, शेकडो वर्षं जगलेली लांडगीण. तिला उत्तरेकडे, योइत्सु नावाच्या आपल्या मुलखात परत जायचं आहे.

ही होलो लेखकाने हवेतून काढलेली नाही. वाऱ्याने पीक हललं की शेतातून लांडगा धावतोय असं जर्मन भागातले शेतकरी मानत. कापणी होत जाईल तसा हा लांडगा मागे मागे सरकतो आणि शेवटच्या पेंढीत लपतो. ती पेंढी कापणाऱ्यालाच मग त्या वर्षाचा ‘लांडगा’ म्हणत. विल्हेल्म मानहार्ट या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात या समजुती गोळा केल्या, आणि जेम्स फ्रेझरने १८९० च्या ‘द गोल्डन बाउ’मध्ये त्या जगभर पोचवल्या. पास्लोएचा सण हुबेहूब तसाच आहे. शेवटचा गहू कापणारा ‘होलो’ ठरतो आणि गाव त्याच्याभोवती नाचतं.

पण नाचणाऱ्यांच्या मनात आता श्रद्धा उरलेली नाही. तिथल्या सरदाराने शेतीच्या नव्या पद्धती आणल्या, पीक वाढलं, आणि लांडगीण नसली तरी चालतं हे गावाला कळलं. सण उरला तो खाण्यापिण्यापुरता. जमिनीला विसावा हवा म्हणून ती एखाद्या वर्षी पीक कमी देई, तर लोक म्हणत देवी लहरी आहे. इतकी वर्षं राखण करून शेवटी नाव हेच. म्हणून ती निघते. आणि निघते कोणाच्या गाडीत? ज्या व्यापारामुळे, ज्या नव्या हिशेबी जगामुळे तिची गरज संपली, त्याच जगातल्या माणसाच्या.

पुढचं सगळं जमिनीवरचं. पहिल्याच मोठ्या प्रकरणात एक तरुण व्यापारी लॉरेन्सच्या कानात सांगतो की एका चांदीच्या नाण्यात लवकरच चांदी वाढणार आहे, आत्ताच साठा कर. होलो नाणी वाजवून आवाज ऐकते आणि सांगते की चांदी वाढत नाही, कमी होतेय. मग प्रश्न असा की पडत्या नाण्याचा साठा कोण करतंय आणि का? उत्तर राजाच्या तिजोरीत आहे. राजाला पैशाची चणचण. जुनी नाणी वितळवून त्यात हिणकस धातू मिसळला तर तेवढ्याच चांदीत जास्त नाणी पडतात. पण वितळवायला आधी जुनी नाणी हातात हवीत. ती ज्याच्याकडे ढिगाने असतील त्याला राजा हव्या त्या सवलती देईल. सट्टा नाण्यावर नाहीच, राजाच्या गरजेवर आहे.

हे कल्पित राज्य असलं तरी व्यवहार खरा आहे. फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने १२९५ नंतर हेच केलं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५४४ पासून नाण्यातली चांदी इतकी खाली आणली की झिजलेल्या नाण्यांवर त्याच्या नाकाशी तांबं उघडं पडू लागलं. आमच्या शेठजींचे वडील नाणं दगडावर वाजवून घेत, असं शेठजी सांगायचे. बार्शी इंग्रजी अमलात, आणि थोडं पुढे गेलं की निजामाचा मुलूख. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का, आणि मध्ये बट्टा ठरवणारा सराफ. त्या पिढीला होलोच्या कानाचं नवल वाटलं नसतं, तिला त्यांनी दुकानात बसवून घेतलं असतं.

मिरीचंही तसंच. पोरोसोनच्या तराजूत ती इतकी जपून मोजली जाते, कारण मध्ययुगीन युरोपात मिरी पोचायची ती मलबारच्या किनाऱ्यावरून अरबी बंदरं, अलेक्झांड्रिया आणि व्हेनिस असे हात बदलत. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला तो याच साखळीतले मधले हात कापायला. हासेकुराने मध्ययुगीन व्यापारावरचं झाँ फाविए या फ्रेंच इतिहासकाराचं ‘सोनं आणि मसाले’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक वाचलेलं होतं. आपल्या मालिकेचं नावही त्याने त्यावरूनच घडवलं.

तिरक्या टेबलाचं पुढे काय होतं? दुसरा कोणी असता तर बोंब मारली असती. लॉरेन्स फसवणूक गिळतो आणि बदल्यात त्या पेढीकडून स्वतःच्या ऐपतीच्या दुप्पट चिलखतं उधारीवर उचलतो. उत्तरेकडे दरवर्षी धर्मयुद्धाची मोहीम निघते, चिलखतांना मागणी असते, म्हणजे हमखास नफा. रुविनहायगेनला पोचतो तर मोहीम रद्द. चिलखताला कोणी विचारत नाही, आणि कर्जाची मुदत दोन दिवसांवर. लॉरेन्स ओळखीच्या व्यापाऱ्यांची दारं वाजवत फिरतो. जो तो आधी ऐकून घेतो, मग त्याच्या शेजारी उभ्या होलोकडे पाहतो आणि दार लावतो. पैसे मागायला आलास आणि सोबत बाई घेऊन? संतापाच्या भरात लॉरेन्स होलोचा पुढे आलेला हात झिडकारतो.

माझ्या मते मालिकेतला सगळ्यात मोठा प्रसंग हाच. लॉरेन्स चांगला माणूस आहे, पण बुडणारा माणूस चांगुलपणा आधी सोडतो. मी बुडालेले व्यापारी पाहिले आहेत. भाव पडल्याच्या दिवशी ते बाजारात कोणावर ओरडत नाहीत. घरी जाऊन ओरडतात. पुढे ती दोघं मेंढ्यांच्या पोटातून सोनं चोरून नेण्याचा उद्योग करतात, तोही नोरा नावाच्या मेंढपाळ मुलीच्या मदतीने. लांडगीण आणि मेंढपाळ यांचं कसं जमायचं ते पाहण्यासारखं आहे. पण मला आठवतो तो झिडकारलेला हात, आणि नंतर दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलेलं.

प्रेमाची गोष्ट म्हणाल तर ती मुंगीच्या पावलाने चालते. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे कोणी म्हणत नाही. होलो लॉरेन्सच्या नावावर महागडे कपडे घेते, सफरचंदं ढिगाने खाते, आणि तो सगळं खात्यावर मांडतो. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी तिचं खरं अक्राळविक्राळ रूप पाहून तो क्षणभर मागे सरतो. ती दुखावून निघून जाते, तेव्हा तो ओरडून सांगतो की कपड्यांचे पैसे वसूल करायला मी उत्तरेपर्यंत तुझ्या मागे येईन. ती परत येते, तेही म्हणे देणं फेडायला. पुढे कुमेरसन गावात अमाती नावाचा तरुण मासळीचा व्यापारी तिचं कर्ज फेडून तिच्याशी लग्न करायला निघतो. लॉरेन्स त्याच्याशी लढतो तो सोन्यासारख्या दिसणाऱ्या पायराइटच्या सट्ट्यात, भाव चढवून-पाडून.

हे सगळं हिशेबात का बोलतात? होलोला शेकडो वर्षं लोकांनी देवी म्हणून हात जोडले. त्यात मान होता, पण शेजारी बसणारं कोणी नव्हतं. नवस हाही एक सौदाच, पण त्यात देव घासाघीस करत नाही. घासाघीस होते ती समोरासमोर बसलेल्या, एकमेकांना फसवू शकणाऱ्या दोघांत. लॉरेन्स तिच्याशी भाव करतो, तिच्याकडून हरतो, तिची थट्टा सहन करतो आणि उधारी मागतो, म्हणूनच ती त्याच्या गाडीत टिकते. गावाने देवी मानलेल्या होलोला या व्यापाऱ्याने गिऱ्हाईक म्हणून, भागीदार म्हणून वागवलं. आमच्या धंद्याला लोक रूक्ष म्हणतात. इथे त्याच धंद्याच्या भाषेत दोन एकट्या जिवांना जवळ येता आलं.

एक हिशेब मात्र दोघांनाही जुळवता येत नाही. लॉरेन्सची उरलेली वर्षं होलोच्या आयुष्यात एका हंगामाइतकी. मुदत ठाऊक असलेला हा सौदा ती डोळे उघडे ठेवून करते. कादंबऱ्यांत पुढे ती दोघं न्योहिरा या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी स्नानगृह चालवतात, त्यांना म्युरी नावाची मुलगीही होते.

पाहायचीच असेल तर २०२४ ची मालिका घ्या. चित्रं नवी आहेत आणि गोष्ट क्रमाने येते. जुन्या मालिकेने चौथा खंड गाळला होता, तोही यात आहे. कातड्यांच्या बाजारातली एव नावाची पडेल घराण्यातली व्यापारीण भेटायला हवी असेल तर मात्र २००९ चं पर्व शोधावं लागेल. संवाद भरगच्च आहेत, चांदीच्या प्रकरणात एखादा भाग दोनदा पाहावा लागला तर वाईट वाटून घेऊ नका. व्यापारातलं काही कळत नसणाऱ्यालाही होलो आवडेलच. पण ज्याने एकदा तरी उधारीवर माल उचलून भाव कोसळताना पाहिला आहे, त्याला लॉरेन्सचा रुविनहायगेनमधला तो दिवस इतरांपेक्षा जास्त लागेल.