बारा इंची स्क्रूड्रायव्हरचं गणित

मिक्सर उलटा केला की बुडाला खोल नळ्या दिसतात आणि त्यांच्या तळाशी स्क्रू. घरातला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर तिथवर पोचतच नाही. त्याची मूठ नळीच्या तोंडाशीच अडते. वॉशिंग मशीनची मागची बाजू, जुना प्रिंटर, गाडीचा डॅशबोर्ड, मोटारसायकलच्या कार्बोरेटरवरचा हवेचा स्क्रू, सगळीकडे हीच रड. मग आपण हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'लांब दाखवा' म्हणतो. काउंटरवर दोन-तीन नग येऊन पडतात. सगळे बारा इंची, सगळे चकचकीत आणि किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक. का, म्हणून विचारलं तर दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: 'हा कंपनीचा आहे.' पण कंपनी नेमके कशाचे पैसे घेते? त्याचं उत्तर त्या सळईच्या भौतिकशास्त्रात आहे.

आधी एक जुना समज. लांब स्क्रूड्रायव्हरने जोर जास्त लागतो, असं चांगले मुरलेले मिस्त्रीही छातीठोकपणे सांगतात. पान्याच्या बाबतीत ते खरं आहे. पाना लांब असला की हात नटापासून दूर जातो आणि तेवढ्याच ताकदीत टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. स्क्रूड्रायव्हरमध्ये हात दूर जातो खरा, पण ज्या अक्षाभोवती फिरवायचं त्याच अक्षावर. त्यामुळे इथे टॉर्क ठरतो मुठीच्या जाडीवर. पकड तेवढीच असेल तर २४ मिलिमीटर जाडीच्या मुठीपेक्षा ३६ मिलिमीटरची मूठ दीडपट टॉर्क देते. सळई चार इंची असो की बारा इंची, त्यात काडीचाही फरक पडत नाही.

तरी मिस्त्रींचा अनुभव अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. पिळताना मूठ स्क्रूच्या सरळ रेषेतून एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे होतेच. सळई १०० मिलिमीटरची असेल तर एवढ्याने ती जवळजवळ ६ अंशांनी तिरकी होते. ३०० मिलिमीटरची असेल तर जेमतेम २ अंशांनी. टोक खाचेत सरळ राहतं, निसटत नाही आणि हाताला वाटतं की जोर वाढला. वाढलेला असतो तो नेम.

लांबीची किंमत मोजावी लागते ती पिळाच्या रूपात. मूठ फिरवली की ओला पंचा पिळावा तशी सळईसुद्धा पिळली जाते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. हाताने घट्ट पिळल्यावर ५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क मिळतो असं धरू. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला अर्धा किलोचं वजन टांगल्यावर मिळेल, तेवढा हा जोर. ६ मिलिमीटर जाडीची, १०० मिलिमीटर लांबीची नेहमीची सळई एवढ्या जोराने ३ अंशांच्या आतच पिळली जाते. तीच सळई ३०० मिलिमीटर केली की पीळ तिप्पट, म्हणजे ८ अंशांच्या वर जातो. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. आता जाडी बदलून पाहा. ८ मिलिमीटर जाडीची बारा इंची सळई पुन्हा ३ अंशांच्या आत येते, म्हणजे आखूड सळईइतकीच ताठ. आणि स्वस्त सेटमध्ये असते तशी ४ मिलिमीटरची बारा इंची सळई? ती ४० अंशांहून जास्त पिळली जाते. मूठ जवळजवळ अर्धा काटकोन फिरते आणि तळाशी स्क्रू जागचा हललेलाही नसतो. कारण गोल सळईचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा सोळापट. लांबी साधा भागाकार करते, जाडी चौथ्या घाताने भरपाई करते.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. भारी पोलाद कमी पिळतं, हा समज चुकीचा आहे. साधं मऊ लोखंड असो की पाणी दिलेलं क्रोम-व्हॅनेडियम पोलाद, पिळाला होणारा विरोध दोघांचाही जवळपास सारखाच असतो. तो गुणांक ८० गिगापास्कलच्या आसपास राहतो. मिश्रधातू बदलून किंवा पाणी देऊन तो फारसा हलत नाही. मग महाग पोलाद करतं काय? ते पीळ सोसून परत सरळ होतं. ४ मिलिमीटरच्या सळईवर ५ न्यूटन-मीटरचा टॉर्क दिला की तिच्या पृष्ठभागावर सुमारे ४०० मेगापास्कलचा ताण येतो. मऊ लोखंड त्याच्या निम्म्यातच हार मानतं आणि सळईला कायमचा पीळ बसतो. चांगलं पोलाद तो ताण सहज पचवतं. थोडक्यात, ताठपणा जाडीतून येतो आणि टिकाऊपणा पोलादातून. एकाचं काम दुसरं करत नाही.

सळई पिळली म्हणून जोर वाटेत गळतो, असंही नाही. संथपणे पिळलं तर मुठीवर दिलेला टॉर्क तसाच्या तसा टोकाला पोचतो. अडचण येते ती गंजून बसलेल्या स्क्रूशी. तो संथ जोराला दाद देत नाही, त्याला झटका लागतो. आणि बारीक लांब सळई तो झटका स्प्रिंगसारखी गिळून टाकते. उलट स्क्रू अचानक सुटला की साठलेला पीळ एकदम मोकळा होतो, टोक उडतं आणि फुलीची एखादी कड घेऊन जातं.

फुलीचा विषय निघालाच आहे. आपण ज्याला 'स्टार' किंवा 'प्लस' म्हणतो, तो स्क्रू अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांनी १९३० च्या दशकात बाजारात आणला, आणि कॅडिलॅक गाड्यांच्या कारखान्यात तो लवकरच वापरला जाऊ लागला. याच्या खाचेच्या बाजू उतरत्या असतात, म्हणून टॉर्क वाढला की टोक आपोआप वर ढकललं जातं. त्याला जागी ठेवायचं तर पिळता पिळता खाली दाबावंही लागतं. लांब सळईची दुसरी परीक्षा इथे होते. उभ्या सळईवर दाब वाढवत नेला की एका मर्यादेनंतर ती तुटत नाही, बाजूला वाकते. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात या मर्यादेचं सूत्र दिलं. त्यानुसार लांबी तिप्पट झाली की सहनशक्ती नवव्या हिश्शावर येते. ४ मिलिमीटर जाडीची अगदी सरळ बारा इंची सळई सुमारे २८ किलोच्या दाबाला वाकते; ६ मिलिमीटरची तेवढीच सळई १४० किलोपर्यंत तग धरते. हे कागदावरचे, आदर्श स्थितीतले आकडे. हात थोडा तिरका झाला की दोन्ही बरेच खाली येतात, आणि अंगाचा भार टाकून दाबणारा माणूस २० किलोचा दाब सहज देतो.

टोक हाच स्क्रूड्रायव्हरचा जीव, आणि खरेदीच्या वेळी आपण सर्वांत कमी पाहतो तेही टोकच. फुलीचे आकार क्रमांकाने ओळखले जातात. घरातल्या बहुतेक यंत्रांना २ क्रमांक चालतो, ज्यावर 'पीएच २' असं कोरलेलं असतं. १ क्रमांकाचं टोक त्या खाचेत खुळखुळतं आणि पहिल्याच जोरात खाच गोल करतं. जुन्या दुचाकीवाल्यांची डोकेदुखी वेगळीच. १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० किंवा हीरो होंडा सीडी १०० यांसारख्या जपानी घडणीच्या गाड्यांवरची फुली फिलिप्सची नसून जपानी मानकाची असते. दिसायला जुळी, पण खाचेचा तळ वेगळा. फिलिप्सचं टोक तिथे पूर्ण खाली बसत नाही, वरच्या वर अडकतं आणि घसरतं. अशा कित्येक स्क्रूंच्या डोक्यावर खाचेशेजारी एक बारीक ठिपका असतो. तो दिसला तर जपानी मानकाचं टोक मागून घ्या. ते फिलिप्सच्या खाचेतही बऱ्यापैकी बसतं.

चपट्या टोकात डोळा लागतो तो उताराकडे. स्वस्त नगाचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. खाचेत ते फक्त वरच्या कडांना टेकतं. चांगल्या नगात शेवटचा भाग दोन्ही बाजूंनी समांतर घासलेला असतो आणि खाच तळापर्यंत भरून काढतो.

आता चकाकीबद्दल. क्रोमचा मुलामा आणि क्रोम-व्हॅनेडियम पोलाद या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. मुलामा मऊ लोखंडावरही देता येतो आणि दिलाही जातो. क्रोम-व्हॅनेडियममध्ये सुमारे १ टक्का क्रोमियम आणि अगदी चिमूटभर व्हॅनेडियम असतं. त्या चिमटीमुळे पोलादाचे कण बारीक राहतात आणि कडकपणासोबत चिवटपणाही टिकतो. टोकाला हे दोन्ही हवं असतं. नुसतं कडक असेल तर कोपरा उडतो, नुसतं चिवट असेल तर टोक वळतं. दुकानात पोलाद तपासायला कानस लावू देणार नाहीत, पण दोन गोष्टी फुकट तपासता येतात. सळई काउंटरच्या काचेवर मूठ बाहेर ठेवून लोळवा. बारा इंची सळई अगदी थोडी वाकडी असली तरी काच आणि सळई यांच्यामधली फट उघडझाप करताना दिसते. असा नग परत करा, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. दुसरं, टोक नखाने चाचपून पाहा. मुलाम्याचे पापुद्रे किंवा गोलसर कडा लागल्या तर टोक घासून नीट आकारात आणलेलंच नाही.

मुठीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जाड हवी आणि हातात न फिरणारी हवी, एवढं पुरे. जुन्या पारदर्शक मुठी सेल्युलोजपासून बनवलेल्या प्लॅस्टिकच्या असतात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत त्या बंद डब्यात वर्षानुवर्षं राहिल्या तर त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते आणि डबा उघडल्यावर आंबूस वास येतो. तो प्लॅस्टिकमधून सुटणाऱ्या आम्लाचा. पुसून टाका, डबा उघडा ठेवा, सळईला गंज लागू देऊ नका.

दहा-बारा नगांचा लांब सेट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशांत ६ मिलिमीटर जाडीचा, २ क्रमांकाच्या फुलीचा आणि ८ मिलिमीटर जाडीचा चपटा, असे दोनच बारा इंची नग येतात आणि घरातलं जवळपास सगळं काम भागवतात. नाशिकच्या सातपूरपासून जालंधरपर्यंत आपल्याकडे हातअवजारांचे जुने कारखाने आहेत. सुटा नग मिळायला अडचण नाही. टोकं बदलता येणारी लांब दांडीही वाईट नाही, कारण झिजलेलं टोक थोडक्यात बदलतं. पण खोबणीतली थोडीशी ढिलाई बारा इंचांवर मुठीशी मोठी डगमग होऊन येते, म्हणून दुकानातच टोक बसवून हलवून बघा. आणि झिजलेलं चपटं टोक ग्राइंडरवर घासून घ्यायची वेळ आली तर मधूनमधून पाण्यात बुडवा. पोलादावर निळा रंग चढला म्हणजे तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं. कारखान्यात दिलेलं पाणी उतरलं असं समजा.

विजेच्या कामाला यातला एकही नग चालत नाही. प्लॅस्टिकची मूठ म्हणजे इन्सुलेशन नव्हे. लांब उघडी सळई पॅनेलमध्ये दोन फेजना एकाच वेळी टेकू शकते. त्या कामासाठी टोकापर्यंत आवरण असलेला, दुहेरी त्रिकोण आणि १००० व्होल्टची खूण असलेला वेगळाच स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि त्यात काटकसर करू नये.

लांब स्क्रूड्रायव्हरचं एक काम मात्र फुली-खाचेच्या पलीकडचं आहे. गॅरेजमध्ये मेकॅनिक चालू इंजिनावर सळईचं टोक टेकवतो, मूठ कानापुढच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. टोक एका बेअरिंगवरून दुसऱ्यावर सरकवलं की घरघर कुठली ते नेमकं सापडतं. धातूतला आवाज हवेत उतरताना त्याचा बहुतेक भाग सीमेवरूनच परत फिरतो. सळई लावली की तो पोलादातून, सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने, थेट हाडापर्यंत येतो. विहिरीवरच्या मोटरचं बेअरिंग कोरडं पडलंय का, हेही असंच कळतं. बारा इंच लांबीमुळे डोकं पंख्या-पट्ट्यापासून लांब राहतं; ओढणी, गमछा, मोकळे केस मात्र आधी आवरून घ्यावेत. या कामाला मऊ रबराच्या मुठीचा महागडा नग उपयोगाचा नाही, कारण रबर आवाज खाऊन टाकतं. इथे कडक मुठीचा साधाच बरा.