कोनशिलेपलीकडचं बाळंतपण

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडचं नाव देशभर गेलं. विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यातली १२ नवजात बाळं होती. ४८ तासांत आकडा ३१ वर गेला आणि त्यात बाळं होती १६.

त्यानंतर जे घडलं ते मराठवाड्याला पाठ आहे. मंत्री आले, विरोधी पक्षांचे नेते आले, आरोप-प्रत्यारोप झाले. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यांसमोर शौचालय साफ करायला लावलं आणि त्यावरून ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडून काढून नव्या प्राधिकरणाकडे देण्यात आली होती, पण त्या प्राधिकरणाला पूर्णवेळ प्रमुख नाही, ही बाब न्यायालयापुढे आली. रिक्त पदांचा हिशेब मागितला गेला. हे सगळे प्रश्न योग्यच होते, पण ते विचारले गेले ते बाळं गेल्यावर.

नवजात अतिदक्षता विभागात मंजूर खाटा होत्या २४ आणि बाळं होती साठच्या वर. जे वॉर्मर एका बाळाला ऊब द्यायला बनवलं आहे त्यावर दोन-तीन बाळं निजवायची, आळीपाळीने सलाईन बघायचं, एका सिस्टरने दहा-बारा जीव सांभाळायचे, असा या गणिताचा अर्थ होतो. त्यातली कितीतरी बाळं आधीच कमी वजनाची, कमी दिवसांची असतात. किनवट-माहूरसारख्या डोंगरी भागातून, हिंगोली-परभणीतून, सीमेपलीकडच्या तेलंगणातूनही ती विष्णुपुरीला येतात. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राने उपजिल्हा रुग्णालयाकडे आणि तिथून ‘नांदेडला न्या’ म्हणून रेफर केलेल्या बाईचे कळांचे तास ॲम्ब्युलन्समध्येच जातात. नवजाताचा मृत्यू दवाखान्यात नोंदवला जातो, पण त्याची तयारी बहुतेकदा आईच्या न झालेल्या तपासण्यांत आणि न भरलेल्या पदांत झालेली असते.

बाईच्या बाळंतपणावर सरकारी पैसा किती, कसा आणि कोणत्या अटीवर खर्चायचा, यावरचं राजकारण नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांना नवं नाही. राज्याच्या अशा दोन मोठ्या निर्णयांच्या वेळी मुख्यमंत्रिपदी इथलीच माणसं होती. १९७६ साली आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलं तेव्हा नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणाऱ्या त्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते मागे पडलं. २००० साली लातूरचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना राज्याचं लोकसंख्या धोरण आलं. तिसऱ्या अपत्यानंतर सरकारी लाभ तोडण्याच्या त्यातल्या तरतुदींना महिला संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी कडाडून विरोध केला, कारण तिसरं मूल हवं की नको हे ठरवायचा अधिकार त्या बाईकडे घरात नसतोच आणि शिक्षा मात्र तिच्या ताटातल्या धान्याला होते. सप्टेंबर २००१ पासून पंचायतीची निवडणूक लढवायलाही दोन अपत्यांची अट लागली. आज नांदेडच्या आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय संस्था या दोन नेत्यांच्या नावाने उभ्या आहेत. दोघांनीही आपल्या भागासाठी पुष्कळ आणलं, हे खरंच. पण त्या काळी राज्याचं लक्ष बाईच्या तब्येतीपेक्षा तिच्या अपत्यांच्या संख्येवर होतं, हेही तितकंच खरं.

हाच दृष्टिकोन पैशाच्या योजनांतही उतरला. जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्राच्या खेड्यातल्या बाईला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ७०० रुपये मिळत. तेही दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला, आणि पहिल्या दोन बाळंतपणांपुरते. वयाची आणि अपत्यांची अट २०१३ मध्ये निघाली. त्याच वर्षी आलेल्या अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात २०१७ साली आलेल्या मातृवंदना योजनेने तो पहिल्या अपत्यापुरता आणि ५,००० रुपयांवर आणला. साठ अर्थतज्ज्ञांनी तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांना पत्र लिहून कायद्यातली पूर्ण रक्कम देण्याची मागणी केली. २०२२ पासून दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० मिळू लागले. दुसरं अपत्य मुलगा असेल तर आईच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई मात्र नाही.

नांदेडच्या सीमेवर हा फरक डोळ्यांसमोर होता. जून २०१७ मध्ये तेलंगणाने सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला मुलगा झाल्यास १२,००० आणि मुलगी झाल्यास १३,००० रुपये, शिवाय बाळाच्या सामानाची पेटी द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी धर्माबाद तालुक्यातल्या सरपंचांनी तेलंगणात जाण्याची मागणी केली. त्यांच्या यादीत शेतीची मदत आणि पेन्शन आघाडीवर होती. पण बासरला किंवा निजामाबादला माहेर असलेल्या सुनांच्या तोंडून बाळंतपणाचा हिशेबही गावात पोचतच होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी तेलंगणाबाहेरची आपली मोठी सभा नांदेडलाच घेतली, ती काही योगायोगाने नव्हे.

पुढे जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ आली आणि महिन्याला १,५०० रुपये बायकांच्या खात्यात पडू लागले. हा पैसा बायकांच्या हाती आला, हे चांगलंच झालं. पण कायद्याने २०१३ मध्ये कबूल केलेली बाळंतपणाची रक्कम म्हणजे या योजनेचे अवघे चार हप्ते. जिथे वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद जाहीर होऊ शकली, तिथे ही रक्कम प्रत्येक बाळंतपणाला देता येणार नव्हती, हे पटत नाही.

लातूरची गोष्ट वेगळी, पण दुखणं तेच. २००२ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याला जिल्हा रुग्णालयाची जोड मिळाली, आणि जिल्ह्याला स्वतःचं जिल्हा रुग्णालय उरलं नाही. नव्या जिल्हा रुग्णालयाची मागणी नंतर वर्षानुवर्षं कृषी खात्याच्या जागेपाशी अडकली. मोर्चे निघाले, निवेदनं गेली. मुळातला पेच दोन खात्यांचा आहे. गावचं उपकेंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि स्त्री रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तर वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले ते पहिल्या विभागाच्या दवाखान्यांत. बाई मात्र एकच असते. सकाळी या खात्याची आणि रात्री कळा वाढल्या की त्या खात्याची. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि वाहन मोफत ठरवलं आहे. तरी बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात पडतेच, आणि तो मेडिकलच्या काउंटरवर खिशातल्या नोटा मोजत उभा राहतो.

सरकारी दवाखाना तोकडा पडला की बाई कुठे जाते, हे शेजारच्या बीडने दाखवलं. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर विधान परिषदेत आवाज उठला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. यामागची कारणं: पाळीमुळे कामात खाडा झाला तर दंड, फडावर शौचालय नाही, अंगावरून पांढरं जाण्याचा त्रास, आणि खासगी डॉक्टरने घातलेली कॅन्सरची भीती. कंधार, मुखेड, लोहा या नांदेडच्या तालुक्यांतूनही टोळ्या कारखान्यांकडे जातात. त्या सहा महिन्यांत त्यांच्या गरोदरपणाची नोंद ना गावात होते ना फडावर.

या सगळ्यात रोजच्या खर्चासाठी चिकाटीने भांडलं असेल तर ते आशाताईंनी. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे नांदेडच्या घटनेनंतर लगेचच, राज्यभरच्या आशा संपावर गेल्या. आश्वासन मिळालं, शासन निर्णय निघाला नाही, म्हणून १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप झाला आणि आझाद मैदानावर ठिय्या पडला. अखेर १४ मार्चला मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ देणारा निर्णय निघाला. गरोदर बाईची पहिली नोंद, लोहाच्या गोळ्या, लसी, रात्री-अपरात्री दवाखान्यापर्यंतची सोबत, हे सगळं याच बायका करतात. त्यांना सरकार अजूनही ‘कर्मचारी’ मानत नाही.

मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा १९८४ च्या दांडेकर समितीपासून चालू आहे. १९९४ मध्ये आलेलं वैधानिक विकास मंडळ एप्रिल २०२० मध्ये मुदत संपून बंद पडलं आणि त्याच्या पुनरुज्जीवनावरूनही पक्षांची भांडणं झाली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांकडून अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक आरोग्यखर्चाची अपेक्षा ठेवली. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली राहिला. राज्याचा माता मृत्युदर २०१८-२० मध्ये लाखामागे ३३ होता, देशाचा ९७. या चांगल्या सरासरीआड किनवटची बाई झाकली जाते.

नांदेडचे नऊ आणि लातूरचे सहा, असे पंधरा आमदार या दोन जिल्ह्यांतून विधानसभेत जातात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. त्या वेळी या पंधरा जणांनी पक्ष बाजूला ठेवून काही आकडे मागावेत: विष्णुपुरीत आज किती वॉर्मर चालू आहेत, किती सिस्टर कोणत्या पाळीत असतात, किनवट आणि उदगीरला सिझर करू शकणारे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ रात्री हजर असतात का, मातृवंदनेचे किती हप्ते थकले आहेत, आणि बाहेरच्या चिठ्ठ्यांवर घरच्यांचे किती रुपये गेले. उत्तरं सभागृहाच्या पटलावर ठेवायला लावावीत, आणि मार्चच्या अर्थसंकल्पात त्यातल्या प्रत्येक आकड्यासमोर तरतूद आहे की नाही, हे मतदारसंघात परत येऊन बायकांना सांगावं.