दुपारी चिकटणारा ब्रेक
(दुचाकीचे ब्रेक, घरच्या घरी : भाग ६)

आज मागचा ब्रेक आणि एबीएस घ्यायचं ठरलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकललं आहे, कारण चुडाव्याहून एका वाचकाची शंका आली आहे. तिला शेवटच्या चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. ब्रेकच्या सगळ्या रचनेतला सर्वात दुर्लक्षित भाग या एका शंकेत आला आहे.

गाडी दीडशे सीसीची, पुढे डिस्क, एबीएस सक्तीच्या आधीची. पूर्णा आणि नांदेड यांच्यामध्ये असलेल्या चुडाव्याहून सकाळी नांदेडला जाताना काहीच तक्रार नसते. एप्रिल-मेच्या दुपारी परत येताना मात्र लिंबगावच्या आसपास पुढचं चाक जड व्हायला लागतं. ब्रेकचा लिव्हर एरवी बोटभर आत येतो, तो कडक होतो, जागचा हलत नाही. डिस्कला हात लावायची सोय राहत नाही. गाडी लिंबाखाली अर्धा तास उभी केली की चाक आपोआप मोकळं होतं. गॅरेजमध्ये नवे पॅड घालून झाले, कॅलिपर खोलून धुऊन झाला, दोनदा हवा काढून झाली, तरी दुखणं जागच्या जागी. वाचकाचा प्रश्न एकच आहे : उन्हाने ब्रेक चिकटतो का?

चिकटतो. पण दोष उन्हाचा नाही, आणि ज्या कॅलिपरवर एवढी मेहनत झाली त्याचाही बहुधा नाही. दोष वर, हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डब्बीच्या बुडाशी आहे.

तिसऱ्या भागात मास्टर सिलिंडर खोलला होता, तेव्हा डब्बीच्या तळाशी दोन भोकं दिसली होती. एक मोठं, ज्यातून ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. दुसरं इतकं बारीक की पुष्कळ मिस्त्रींच्याही ते नजरेत येत नाही. बऱ्याच गाड्यांत त्याच्यावर पातळ पत्र्याची टोपी असते, त्यामुळे ते दिसायचा प्रश्नच उरत नाही. हे बारीक भोक म्हणजे परतीची वाट. लिव्हर सोडलेला असतो तेव्हा पिस्टनचं रबरी सील या भोकाच्या किंचित मागे उभं असतं, म्हणजे भोक उघडं असतं आणि नळी, कॅलिपर, डब्बी या सगळ्यांतलं ऑइल एकमेकांना जोडलेलं असतं. लिव्हर दाबताच सील पुढे सरकून भोक ओलांडतं, वाट बंद होते आणि तिथून पुढे दाब तयार व्हायला लागतो. लिव्हर सोडला की वाट परत खुली.

आता ही वाट गाळाने बुजली तर काय होईल? सकाळी काहीच नाही. पण परभणी जिल्ह्यातल्या मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो, खालून डांबर तापलेलं असतं आणि डिस्कची स्वतःची उष्णता वेगळीच. ब्रेक ऑइल तीस अंशांनी तापलं की दोन टक्क्यांच्या आसपास फुगतं. एरवी ही वाढ त्या भोकातून गुपचूप डब्बीत जाते. भोक बंद असेल तर तिला जायला एकच जागा उरते : कॅलिपरचा पिस्टन. तो पॅडला पुढे ढकलतो, पॅड डिस्कला टेकतात आणि घासायला लागतात. घासण्याने उष्णता, उष्णतेने आणखी फुगणं, फुगण्याने आणखी घासणं. कोणी लिव्हर दाबलेला नसताना ब्रेक लागत जातो. गाडी सावलीत थांबली की ऑइल निवतं, आकसतं, चाक सुटतं. वाचकाने लिहिलेलं प्रत्येक लक्षण यात तंतोतंत बसतं.

यात किती उष्णता असते, याचा हिशोब घालून पाहण्यासारखा आहे. गाडी आणि दोन माणसं मिळून २७० किलो धरली, तर ताशी ६० किलोमीटरवरून पूर्ण थांबताना साधारण ३७ हजार ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातली दोन तृतीयांश पुढच्या ब्रेकने घेतली आणि डिस्क किलोभराची असली, तर ती पन्नासेक अंशांनी तापते आणि वाऱ्यावर निवते. पूर्णा-नांदेड पट्ट्यातल्या सपाट रस्त्यावर हे काहीच नाही. पण चिकटलेल्या ब्रेकने चाकाला नुसता दहा किलो वजनाएवढा अडथळा केला आणि गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली, तर डिस्कवर सतत सुमारे १४०० वॅटची उष्णता ओतली जाते. घरातली साधी इस्त्री १००० वॅटची असते. म्हणजे त्या दुपारी पुढच्या चाकात इस्त्रीहून मोठं यंत्र चालू होतं आणि मायलेजचं पेट्रोल त्यात जळत होतं.

निदान पक्कं करण्याची एक खूण आहे. चाक जाम असताना कॅलिपरवरच्या निप्पलला सलाईनची नळी लावावी, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडावं आणि रिंग पान्याने निप्पल पाव आटा ढिलं करावं. तोंड लांब ठेवावं, ऑइल गरम असतं. चिळकांडी उडून चाक झटकन मोकळं झालं, तर ऑइल वर अडकलं होतं आणि दोष मास्टर सिलिंडरमध्ये आहे. चाक तरीही जडच राहिलं, तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजल्या आहेत. पहिली स्थिती असताना कॅलिपर कितीही वेळा धुतला तरी गुण येणार नाही. निप्पल घट्ट करून, लिव्हर दोन-चार वेळा दाबून पाहिल्याशिवाय मात्र गाडी हलवू नये.

गाडी थंड असताना दुसरी तपासणी करता येते. डब्बीचं झाकण काढायचं. यातले दोन स्क्रू मऊ धातूत बसलेले असतात. झिजलेल्या पेचकसाने त्यांची डोकी जातात, म्हणून नेमका बसणारा पेचकस घ्यावा आणि आधी त्यावर हलका ठोका द्यावा. झाकणाखालचा रबरी पडदा उचलून, पत्र्याची टोपी असेल तर तीही काढून, लिव्हर अगदी हळू आत घ्यायचा. पहिल्या दोन-तीन मिलिमीटरला बारीक भोकातून ऑइलचा छोटा उमाळा वर आला पाहिजे. जोरात दाबलं तर तो चेहऱ्यापर्यंत उडतो, आणि टाकीच्या रंगावर पडला तर रंग सोडवतो. उमाळा आलाच नाही, तर चोर सापडला.

हे भोक साफ करायला सुई किंवा टाचणी घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. भोकाची कड खरवडली तर येता-जाता तीच सीलला चिरत राहते. घरातल्या वायरमधली तांब्याची एक सुटी तार पुरते. तार आत घालायची, हलवायची, मग नवं ऑइल सिरिंजने त्यातून जाऊ द्यायचं. गाळ फार असेल तर मास्टर सिलिंडरचं किट आणून सील बदललेलंच बरं.

भोक साफ निघालं आणि तरी लक्षण तेच, तर लिव्हरकडे पाहावं. पडल्यामुळे वाकलेला किंवा हौसेने बसवलेला रंगीत लिव्हर पिस्टनला कायम थोडा दाबून ठेवत असेल, तर सील भोकावरच उभं राहतं आणि वाट बुजल्यासारखीच होते. लिव्हरच्या टोकाला किंचित मोकळी हालचाल हवीच. डब्बी काठोकाठ भरण्याची सवयही वाईट. पॅड झिजतात तशी ऑइलची पातळी उतरते. ती वरून भरत गेलं की नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर ऑइलला जागाच राहत नाही.

पण भोक बुजलं कशाने?

एक कारण सरळ आहे : वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल. आपल्याकडच्या दुचाकींत जे डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल असतं ते हवेतला ओलावा ओढून घेतं. त्या पाण्याने आतला धातू गंजतो, त्याची भुकटी आणि रबराची झीज मिळून तपकिरी गाळ होतो आणि तो सर्वात अरुंद जागी अडकतो. उकळबिंदूही उतरतो. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये अशी अट आहे; त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही अट १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. सपाट रस्त्यावर हा फरक सहसा जाणवत नाही. माहूरचा गड उतरताना, मागे माणूस बसलेला असताना, तो जाणवतो.

दुसरं कारण खेड्यापाड्यांत जास्त दिसतं आणि ते जास्त घातक आहे. दारात ट्रॅक्टर असतो. अलीकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले असतात आणि ते ऑइल मागच्या पेटीतलं, म्हणजे गिअरचंच असतं. तिथे ते योग्य आहे. पण त्याच डब्यातलं थोडं मोटारसायकलच्या डब्बीत ओतलं की काम बिघडलं. दुचाकीच्या ब्रेकमधलं रबर ग्लायकॉलच्या ऑइलसाठी बनवलेलं असतं. खनिज तेलात ते फुगतं. फुगलेलं सील पसरून त्या बारीक भोकावर बसतं आणि परतीची वाट कायमची बंद होते. असं एकदा घडलं की नुसतं ऑइल बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर दोन्हींतली रबरं आणि नळी बदलावी लागते. वाचकाने आपल्या डब्बीचा रबरी पडदा आधी पाहावा : तो सुरकुतून, लांबून खाचेत बसेनासा झाला असेल, तर कोणीतरी भलतं तेल घातलं आहे.

ब्रेकमध्ये तेल कधीच नव्हतं असं मात्र नाही. सुरुवातीच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये एरंडेल तेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण चालायचं. सोव्हिएत रशियातल्या गाड्यांत एरंडेल आणि ब्युटाइल अल्कोहोल निम्मं-निम्मं असलेलं ऑइल कित्येक दशकं वापरात होतं. त्या वेळचं नैसर्गिक रबर एरंडेलात टिकत असे. कडक थंडीत मात्र ते घट्ट व्हायचं, आणि अल्कोहोल लवकर उकळायचं. रबर आणि ऑइल ही जोडी पहिल्यापासून एकमेकांना बघून ठरत आली आहे, त्यातलं एक परस्पर बदलता येत नाही.

भोक साफ झालं की हवा काढणं आलंच. रीत चौथ्या भागात आली आहे : दाबा, धरून ठेवा, निप्पल पाव आटा उघडा, बंद करा, मगच सोडा. इथे एवढीच भर की मास्टर सिलिंडर खोलल्यानंतर हवा वरच्या टोकालाच अडकते आणि खालून कितीही ऑइल काढलं तरी लिव्हर पोकळ लागतो. अशा वेळी डब्बी सपाट राहील असं हँडल वळवून लिव्हर नुसता थरथरल्यासारखा, अर्धा सेंटिमीटर, पुन्हा पुन्हा हलवावा. बारीक बुडबुडे त्याच भोकातून वर येतात. तरी पोकळपणा राहिला तर सिरिंजने खालून, निप्पलमधून ऑइल वर ढकलावं. हवा वर जायलाच बघत असते, तिला तिच्या वाटेने जाऊ दिलं की काम अर्ध्या वेळात होतं. डब्बी भरून वाहणार नाही याकडे एकाने लक्ष ठेवावं, आणि सांडलेल्यावर लगेच पाणी ओतावं. फडक्याने पुसून भागत नाही.

हे काम कधी करावं, यालाही महत्त्व आहे. श्रावणातल्या दमट दिवशी डब्बी उघडी ठेवून बसू नये. आपल्याकडे दसऱ्याला गाडी धुऊन तिला हार घालतात. पावसाळाभर काळ्या मातीचा चिखल कॅलिपरमध्ये बसलेला असतो आणि वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा पाइप त्या चिखलासोबत पिनांवरचं ग्रीसही काढून टाकतो. म्हणून दसरा झाला की पिना काढून, पुसून, सिलिकॉनचं ग्रीस लावावं आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत ऑइल बदलावं. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात. दोन पावसाळे म्हणजेच दोन वर्षं.

आणि उरलेली बाटली? सील फोडून सहा महिने फळीवर पडलेलं ऑइल गाडीत घालू नये, झाकण घट्ट असलं तरी. लहान बाटली घ्यावी, एका कामात संपवावी.

मराठवाड्यातल्या वाचकाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. देशातल्या दुचाकींना डिस्क ब्रेक पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी एक, एन्ड्युरन्स, ही छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजची. म्हणजे चुडाव्यासारख्या गावातल्या अनेक गाड्यांचे कॅलिपर याच मराठवाड्यात बनलेले असतात. सुटा भाग घेताना नाव पाहून, अस्सल घ्यावा. नकली किटमधलं सील दिसायला सारखंच असतं, पण त्याच्या रबराची खात्री कोणी देत नाही.

मागचा ब्रेक आणि एबीएस पुढच्या आठवड्यात नक्की. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस आहे. त्यांच्या मालकांनी तोपर्यंत मास्टर सिलिंडर खोलू नये. ऑइल बदलायला हरकत नाही, पण बदलताना डब्बी एकदाही रिकामी होऊ देऊ नये. एबीएसच्या पेटीत हवा शिरली तर ती घरी निघेलच असं नाही.