भेटचित्र : अर्क आणि व्यंग

निवृत्त होणाऱ्या शिक्षकास शाल-श्रीफळाबरोबर त्याचे एखादे चित्र भेट द्यावे, अशी इच्छा सहकाऱ्यांना पुष्कळदा होते. वर्गणी जमते, चित्रकाराकडे एक छायाचित्र पोहोचते आणि ‘थोडे गमतीदार काढा’ एवढीच सूचना त्याला मिळते. सारा घोटाळा या सूचनेत आहे, असे आम्हांस वाटते. सांगून काढवून घेतलेल्या चित्रात देणारा, घेणारा आणि काढणारा अशा तिघांचा संबंध येतो. त्यांपैकी घेणाऱ्याचे मत चित्र पुरे होईपर्यंत कोणी विचारीत नाही. तेव्हा त्याच्या बाजूने विचार करण्याची जबाबदारी उरलेल्या दोघांवर येऊन पडते.

ही जबाबदारी केवढी, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. विन्स्टन चर्चिल यांच्या ८० व्या वाढदिवशी, ३० नोव्हेंबर १९५४ रोजी, ब्रिटिश पार्लमेंटने ग्रॅहम सदरलँड यांच्याकडून करविलेले त्यांचे तैलचित्र त्यांना अर्पण केले. चित्रकार थोर होता, देणाऱ्यांचा हेतूही आदराचा होता. परंतु चर्चिल यांना त्या चित्रात आपले थकलेपण तेवढे दिसले. पुढे ते चित्र त्यांच्या घरच्यांनी नष्ट करविले. भेट म्हणून दिलेले चित्र भिंतीवर टांगावेसे वाटले नाही, तर त्यातील कौशल्य घेणाऱ्याच्या काय कामाचे?

कॅरिकेचर हा शब्द ‘भार घालणे’ या अर्थाच्या इटालियन क्रियापदापासून आला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्याच्या आन्निबाले कार्राची याने ही रीत रूढ केली, असे मानतात. चेहऱ्यात इतरांहून वेगळे जे असेल, त्यावर चित्रकार भार देतो. मराठीत यासाठी ‘अर्कचित्र’ हा फार नेमका शब्द आहे. ‘व्यंग’ या शब्दाला शारीरिक उणिवेचा वास येतो, तर ‘अर्क’ म्हणजे पुष्कळातून गाळून काढलेले थोडे. वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांनी काढलेली मराठी साहित्यिकांची अर्कचित्रे पाहिली, म्हणजे हा भेद ध्यानी येतो. जन्माने किंवा आजाराने जे दिले, त्यावर भार देऊ नये; माणसाने जगता जगता जे कमावले, त्यावर द्यावा. कपाळावर सरकवलेला चष्मा, खडू धरण्याची ढब, काखेतली छत्री यांतून ओळखही पटते आणि हसणाऱ्यांत चित्रातील व्यक्तीही सामील होते.

जलरंगात चित्र करवून घ्यावयाचे असेल, तर आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. या माध्यमात रंग पारदर्शक असतात आणि उजेड हा कागदाच्या कोऱ्या पांढरेपणातून येतो. फिक्यापासून गडदाकडे जावे लागते. बसलेला गडद रंग पुन्हा स्वच्छ निघत नाही. सा. ल. हळदणकर यांचे, हाती दिवा घेतलेल्या तरुणीचे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्र याच माध्यमातले आहे. अशा कामात दुरुस्ती सुचवावयाची ती पेन्सिलीच्या आराखड्यावरच सुचवावी. चित्र तयार झाल्यावर कागद आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालावी, म्हणजे पावसाळ्यात कागद काचेला चिकटत नाही; आणि उन्हे येणाऱ्या भिंतीवर ते टांगू नये, कारण काही रंग उडतात.

प्रसंगासाठी चित्र काढण्याची एक जुनी रीत आमच्या दादरा-नगर हवेलीत आणि शेजारच्या डहाणू-तलासरीत वारली समाजात आहे. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी चौक लिहितात. ‘लिहितात’ हा त्यांचाच शब्द. तांदळाच्या पिठात पाणी कालवून, काडीच्या कुंचल्याने, गेरू किंवा शेणामातीच्या भिंतीवर हे काम होते. येथे जलरंगाच्या उलट प्रकार असतो : भिंत काळपट आणि रेघ पांढरी. चौकात पालघट देवी असते, झाडे असतात, सूर्य-चंद्र असतात. वधूवरांच्या चेहऱ्याचे साम्य कोणी शोधीत नाही. त्यांचा संसार भरून यावा, ही इच्छा मात्र चित्रात स्पष्ट असते. आमच्या निरोपाच्या चित्रांत साम्य पुष्कळ असते, इच्छा क्वचित दिसते.

यावर उपाय शाळेच्या हातात आहे, आणि तो मराठीच्या तासात आहे. चित्रकाराकडे जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांना त्या शिक्षकाविषयी पाच-पाच वाक्ये लिहावयास सांगावे : ते कसे चालत, काय पुनःपुन्हा म्हणत, रागावल्यावर काय करीत, त्यांच्या टेबलावर काय असे. ‘विद्यार्थिप्रिय’, ‘शिस्तप्रिय’ असली विशेषणे खोडून टाकावी, कारण ती काढून दाखविता येत नाहीत. उरलेल्यांतून ज्या दोन-तीन गोष्टी बहुतेकांनी लिहिल्या असतील, त्या निरनिराळ्या बाजूंनी घेतलेल्या चार छायाचित्रांसह चित्रकारास द्याव्या, आणि आराखडा आला म्हणजे त्या शिक्षकाच्या घरातील एखाद्या जाणत्या माणसास तो गुपचूप दाखवून घ्यावा. मुलांना व्यक्तिचित्राचा खरा पाठ मिळेल. शिक्षकास आपण तीस वर्षे मुलांना कसे दिसत होतो, हे कळेल. ते चित्र घरी नेल्यावर माळ्यावर जाणार नाही, अशी आमची खात्री आहे.