तारणाची चौकशी झाली, मुलाची राहिली

बँकेच्या नोकरीत मी पस्तीस वर्षे काढली आणि त्यातील निम्म्याहून अधिक काळ कर्ज विभागात गेला. सेवानिवृत्तीनंतर जुन्या फायली आठवतात. त्यांतील बुडालेल्या कर्जांपेक्षा पूर्ण फिटलेले एक कर्ज मला अधिक सलते.

२००९ सालचा पावसाळा होता. जालन्यातील कापडाचे एक व्यापारी मुलाच्या एमबीबीएसच्या प्रवेशासाठी शैक्षणिक कर्ज मागावयास आले. परराज्यातील खासगी महाविद्यालय, आणि तारण म्हणून बाजारपेठेतील दुकान. मी दुकानाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागविला, मूल्यांकन करून घेतले, आयकराची विवरणपत्रे तपासली, जामीनदाराची पत पाहिली. मुलगा शेजारच्या खुर्चीवर बसून होता. रिवाज म्हणून मी त्याला विचारले, “बेटा, डॉक्टरच का व्हायचे आहे?” उत्तर वडिलांनी दिले, “साहेब, घराण्यात एक तरी डॉक्टर हवा.” मुलगा खाली पाहत राहिला. मी मंजुरीच्या शिफारशीवर सही केली.

तिसऱ्या वर्षी मुलगा सुट्टीत घरी आला तो परत गेला नाही. शवविच्छेदनाच्या दालनात पहिल्या दिवसापासूनच त्याचे मन रमले नव्हते, आणि ही गोष्ट घरी सांगावयास त्याला अडीच वर्षे लागली. वडिलांनी पै न् पै फेडली, परंतु त्यासाठी दुकानाचा दर्शनी भाग विकावा लागला. बाप-लेकाचे बोलणे काही वर्षे बंद होते. मुलगा आज बियाण्यांच्या व्यापारात आहे आणि उत्तम आहे. बँकेच्या दप्तरी ते खाते ‘पूर्ण परतफेड’ या शेऱ्याने बंद झाले. माझ्या मनात मात्र ते अजून उघडे आहे. तारणाची चौकशी मी तीस वर्षे मागे जाऊन केली, आणि ज्याला डॉक्टर व्हायचे होते त्याची चौकशी एका प्रश्नावर सोडून दिली.

सातासमुद्रापलीकडचा अर्ज

हे सारे गेल्या वर्षी पुन्हा आठवले ते न्यू जर्सीतील भाचीच्या फोनमुळे. तिची मुलगी बारावीत. “मामा, हिने बीएस-एमडीचे अर्ज भरलेत. एकेका अर्जाला चार-चार निबंध! आपल्याकडे एक परीक्षा दिली की झाले, इथे मुलीला जणू जन्मभराचा हिशेब मागतात,” भाची म्हणाली.

वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. अमेरिकेत बारावीनंतर सहसा थेट वैद्यकीय महाविद्यालयात जाता येत नाही. प्रथम चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, त्यानंतर चार वर्षांचा एमडी अभ्यासक्रम आणि पुढे किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी, असा तेथील क्रम आहे. तेथील एमडी ही आपल्या एमबीबीएससारखी पहिली वैद्यकीय पदवी होय. काही विद्यापीठांनी मात्र पदवी आणि एमडी एकत्र जोडले आहेत. मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटीच्या विद्यापीठात असा सहा वर्षांचा अभ्यासक्रम १९७१ पासून चालू आहे. ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी एकदाच निवड होते आणि ठरलेले गुण राखले की वैद्यकीय जागा निश्चित असते. जागा फारच थोड्या, आणि त्यांतील पुष्कळ केवळ तेथील नागरिक व ग्रीनकार्डधारकांसाठी. तेव्हा जालन्याहून थेट अर्ज करण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर ही अट प्रथम वाचावी.

मला नवल वाटले ते या अर्जातील प्रश्नांचे. शाळेचे गुण, शिक्षकांची शिफारसपत्रे हे तर असतेच. त्याशिवाय, तुला डॉक्टर का व्हायचे आहे, आताच का ठरवले, चार वर्षे थांबून का नाही, रुग्णांच्या सान्निध्यात किती काळ घालवलास, तेथे काय पाहिलेस, असे विचारतात. माझ्या भाचीच्या मुलीने दोन उन्हाळे एका वृद्धाश्रमात चाकाची खुर्ची ढकलण्यात आणि वृद्धांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्यात घालविले होते. तिने लिहिले ते त्याविषयीच. मुलाखतीच्या वेळी आई-वडिलांना आत प्रवेश नव्हता.

ही पद्धत निर्दोष आहे असे मुळीच नाही. निबंध सुधारून देणारे सल्लागार तेथेही भरमसाट शुल्क घेतात, आणि ओळखीच्या डॉक्टरांकडे तास भरून घेणारी घरेही आहेत. तरीही त्या मुलीला स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यावे लागले, हे खरे.

आपल्या मराठी घरातून अमेरिकेस असा पहिला अर्ज गेला तो आनंदीबाई जोशी यांचा. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी भरसभेत, आपण अमेरिकेस का जातो, हे सांगितले. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. पती गोपाळराव यांचा आग्रह किती प्रखर होता हे सर्वश्रुत आहे. परंतु आनंदीबाईंचे स्वतःचेही कारण होते: चौदाव्या वर्षी झालेले मूल उपचाराअभावी दहा दिवसांत गेले होते. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ च्या मार्च महिन्यात त्या पदवीधर झाल्या. वडीलधाऱ्यांनी कितीही ढकलले तरी परदेशातील थंडी, आजार आणि एकटेपणा त्यांनी सोसला तो त्या स्वतःच्या कारणाच्या बळावर, असे मला वाटते.

आपल्याकडे कोणी विचारीत नाही

नीट पाहता आपला एमबीबीएस हा मुळातच जोडअभ्यासक्रम आहे. बारावीनंतर थेट प्रवेश, साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा वर्षे पूर्ण झाली की मूल पात्र ठरते. अमेरिकेत जे मूठभर मुलांच्या वाट्याला येते, ते आपल्याकडे प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याच्या वाट्याला येते: सतराव्या वर्षी आयुष्याचा निर्णय.

२०२० पासून त्याचे दार एकच, नीट. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. २०२४ साली या परीक्षेसाठी सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. देशातील एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. इतक्या मुलांच्या मुलाखती घेणे अशक्य आहे, आणि मुलाखत आली की वशिला आला, हेही आपण जाणतो. एका गुणवत्तायादीमुळे सामान्य घरातील हुशार मुलाला न्याय मिळतो. म्हणून मी परीक्षेला दोष देत नाही. मात्र त्या १८० प्रश्नांत “तुला हे का हवे आहे?” हा प्रश्न नाही.

काही ठिकाणी तो विचारला जाई, किंवा आजही जातो. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत, नीट येईपर्यंत, गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. आजही तेथील नवे विद्यार्थी प्रथम काही दिवस आश्रमात राहतात, खादी वापरतात, खाणावळ शाकाहारी आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात नीटच्या गुणांनंतर इंग्रजी आकलन व तर्कशक्तीची चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते, आणि पुढे सैन्यसेवेचे बंधन असते. जो तेथे जातो तो काय पत्करतो आहे हे जाणून जातो.

इतरत्र हा प्रश्न विचारण्याचे काम घराचे आहे, आणि व्यापारी घरांत नेमके तेच राहून जाते. नवी पेढी उघडण्यापूर्वी आपण जागा पाहतो, गिऱ्हाईक पाहतो, भागीदाराचा स्वभाव पाहतो. मुलाचे नाव मात्र दहावीच्या निकालाच्या आठवड्यात लातूर किंवा कोट्याच्या क्लासला घालून मोकळे होतो.

माझे सांगणे एवढेच, की अकरावीच्या दिवाळीपूर्वी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, मुलाला परिचित डॉक्टरांच्या परवानगीने आठ दिवस दवाखान्यात बसवावे, आणि त्यातील एक रात्र असावी. दुसरी, यशस्वी डॉक्टरऐवजी सध्या शिकत असलेल्या एखाद्या निवासी डॉक्टरशी त्याची गाठ घालून द्यावी. रात्रपाळी, वसतिगृहाचे जेवण, शवविच्छेदन या गोष्टी तेथे उघड बोलल्या जातात. आपल्या घरांत चौविहार पाळणारी मुले आहेत. त्यांनी हे प्रवेशानंतर शोधण्याऐवजी आधीच विचारून घ्यावे. तिसरी, “का?” हा प्रश्न घरातील अशा माणसाने विचारावा, की ज्याला मूल “नाही” म्हणू शकेल. आत्या असेल, मामा असेल, आजी असेल.

आता हिशेबाचे

जालना जिल्ह्यातील मुलांना पूर्वी शासकीय महाविद्यालयासाठी निदान छत्रपती संभाजीनगर गाठावे लागे. २०२४ मध्ये जालन्यातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. बदनापूर तालुक्यातील वरुडी येथे खासगी महाविद्यालय पूर्वीपासून आहे. राज्यातील खासगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. संस्था स्तरावरील व अनिवासी भारतीय कोट्याचे शुल्क त्याच्या काही पट असते. तो आकडा साडेचार वर्षांचा धरून, वसतिगृहासह, आधीच मांडावा.

कर्जाचेही असेच आहे. सर्वसाधारणपणे साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीतील संस्थांसाठी तारणाची अट नाही. शिक्षणकाळ व त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो, परंतु व्याज चालू असते. पहिल्या वर्षी उचललेल्या १० लाखांवर १० टक्के सरळ व्याज धरले, तर साडेसहा वर्षांत व्याजच साडेसहा लाख होते. शक्य असल्यास ते दरमहा भरावे. आयकरात या व्याजाची वजावट मिळते ती फक्त जुन्या करप्रणालीत, आणि व्याज भरण्यास सुरुवात केल्यापासून आठ वर्षेच.

‘प्री-मेडिकल आणि एमडी एकत्र, नीटची चिंता नको’ असे सांगत परदेशाचा प्रवेश विकणारे दलाल गावोगावी फिरतात. त्यांना दारातच थांबवावे. परदेशात वैद्यकीय शिक्षण घेऊन भारतात व्यवसाय करावयाचा असेल तर नीट उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचे इंग्रजी माध्यमातील शिक्षण, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात व्यवसाय करण्याची पात्रता, आणि परतल्यावर परीक्षा व पुन्हा बारा महिन्यांची इंटर्नशिप, एवढे सारे लागते. पूर्वतयारीचे वर्ष ५४ महिन्यांत धरून चालू नये, लेखी विचारावे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून अर्ध्यावर परतलेल्या मुलांचे हाल आपण सर्वांनी पाहिले आहेत.

भाचीच्या मुलीला जोडअभ्यासक्रमाच्या सर्व ठिकाणांहून नकार आला. ती आता साधी पदवी करते आहे आणि पदवीनंतर पुन्हा अर्ज करणार आहे. मी फोनवर समजूत घालू लागलो तर ती म्हणाली, “आजोबा, मला का जायचे आहे ते मी आठ वेळा लिहिले. आता मला ते पाठ आहे.”

गेल्या महिन्यात आपल्याच समाजातील एक गृहस्थ मुलीला घेऊन कर्जाविषयी सल्ला विचारावयास घरी आले. कागदपत्रांची पिशवी टेबलावर ठेवून त्यांनी बोलण्यास सुरुवात केली. मी त्यांना म्हटले, “शेठ, आपण जरा ओसरीवर बसा, चहा येतोच आहे.” मुलगी आणि माझी पत्नी आत बोलत बसल्या. वीस मिनिटांनी मुलगी बाहेर आली आणि वडिलांना म्हणाली, “पप्पा, मला डॉक्टर व्हायचेच आहे. पण डोनेशनच्या जागेवर नाही. एक वर्ष थांबून पुन्हा नीट देते.”

शेठजींनी पिशवी उचलली. कर्जाचे बोलणे त्या दिवशी झालेच नाही.