दहा मीटरांतला एक मिलिमीटर

विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. डीएनएचे एकेक अक्षर एक मिलिमीटरचे धरून रुळांच्या कडेने मांडत गेलो, तर या अंतरात ६ कोटी अक्षरे मावतील. माणसाच्या जनुकीय मजकुराची एक प्रत सुमारे ३१० कोटी अक्षरांची, म्हणजे ३,१०० किलोमीटर. विरार-चर्चगेटच्या पन्नासाहून अधिक फेऱ्या. अशा दोन प्रती जवळपास प्रत्येक पेशीत असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची.

घराण्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग वारंवार दिसला, की आधी दोन जनुके तपासतात: बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. डॉक्टरांच्या तोंडी ‘ब्राका’. बीआरसीए-२ चा प्रथिन घडवणारा मजकूर १०,२५७ अक्षरांचा. सव्वादहा मीटर, लोकलचा जेमतेम अर्धा डबा. बीआरसीए-१ चा ५,५९२ अक्षरांचा. यात कुठे तरी एका मिलिमीटरचा फरक सापडतो आणि वसईतल्या बाईच्या हातात रिपोर्ट पडतो: ‘व्हीयूएस’. बदल आहे, पण घातक की निरुपद्रवी ते ठरलेले नाही.

२०१५च्या अमेरिकी निकषांनुसार बदल घातक असण्याची खात्री ९० टक्क्यांच्या वर गेली, की ‘बहुधा घातक’ म्हणायचे. निरुपद्रवी असण्याची खात्री तितकी झाली, की ‘बहुधा निरुपद्रवी’. मधले सगळे व्हीयूएस. १२ टक्के शक्यता असलेल्या बाईलाही तोच शिक्का आणि ८८ टक्केवालीलाही तोच! घरी मात्र तो ‘अर्धा कॅन्सर’ म्हणून वाचला जातो. तसा तो नव्हे. नुसत्या व्हीयूएसवरून स्तन किंवा अंडाशय काढण्याचा निर्णय घ्यायचा नसतो. देखरेख ठरते ती घराण्याच्या इतिहासावरून.

अंदाज बांधणे इतके अवघड का? बीआरसीए-१ मधली ५०९५ आणि ५०९६ ही शेजारशेजारची अक्षरे घ्या. पहिल्यात सी जाऊन टी आला तर बदल घातक. दुसऱ्यात जी जाऊन ए आला तर धोका मधलाच: वयाच्या सत्तरीपर्यंत स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे २४ टक्के. प्रथिनातला बदलणारा दुवा (अमिनो आम्ल) दोन्ही वेळा एकच, १६९९ क्रमांकाचा. उलट बीआरसीए-२ मधल्या एका बदलाने प्रथिनाची ९३ दुव्यांची शेपटीच तुटते, तरी वर्गवारीत तो निरुपद्रवी.

प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरी तीन येऊ शकतात. म्हणजे दोन जनुकांत मिळून एकाच अक्षराचे ४७,५४७ बदल शक्य. २०१८ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी बीआरसीए-१ मधले ३,८९३ बदल पेशींत मुद्दाम घडवून तपासले. २०२५ च्या जानेवारीत बीआरसीए-२ च्या एका महत्त्वाच्या भागातल्या जवळपास ७,००० बदलांचा निकाल आला. अजून बराच डबा रिकामा आहे.

बदल वाडवडिलांकडून येतात तसे नवेही घडतात. प्रत्येक बाळ साठेक नवे बदल घेऊन जन्मते. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. ढोबळ हिशेब केला, तर तेवढ्यांत साडेतीनशेहून अधिक जणांच्या या दोन जनुकांत आईवडिलांकडे नसलेले एखादे नवे अक्षर निघेल. बहुतेकांना त्याने काही होणार नाही.

बाकीचे जुनेच, आणि खरी अडचण मोजणीची. एखादा बदल निरोगी लोकांत सर्रास दिसला तर तो सहसा निर्दोष ठरतो. पण मोजले कोणाला? नोमॅड या जागतिक संग्रहात ८ लाख ७ हजार माणसे. त्यांत युरोपीय वंशाचे सहा लाखांहून अधिक, दक्षिण आशियाई ४५ हजारांच्या आसपास. ‘१००० जीनोम्स’ प्रकल्पात ह्यूस्टनचे गुजराती आहेत, ब्रिटनमधले तेलुगू आहेत, मराठी गट नाहीच. जीनोमइंडियाने २०२५ मध्ये ८३ समाजगटांतल्या ९,७७२ जणांची माहिती मांडली, पण देशात समाज ४,६०० च्या वर. वसईकडच्या सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, मांगेला यांची लग्ने पिढ्यान्‌पिढ्या बहुधा आपापल्या समाजातच झालेली. जगात दुर्मीळ वाटणारा बदल नंदाखालच्या चार घरांत सहज निघू शकतो. सर्रास म्हणजे निर्दोष असेही दरवेळी नाही बरे का: अश्केनाझी ज्यूंमध्ये ब्राकाचे तीन घातक बदल मिळून चाळिसात एकाकडे असतात.

यावर वसईच्या गोतावळ्याकडे एक उपयोगी साधन आहे. तुमच्यातला दुर्मीळ बदल सख्ख्या बहिणीत असण्याची शक्यता दोनात एक, चुलत बहिणीत आठात एक, चुलत-चुलत बहिणीत बत्तिसात एक. भुईगावची अशी लांबची बहीण कर्करोगातून उठलेली असेल आणि तिच्या रक्तातही तेच अक्षर निघाले, तर तो त्या बदलाविरुद्धचा एक पुरावा ठरतो, कारण नुसत्या नात्यामुळे ते तिच्यात येण्याची शक्यता बत्तिसात एकच. तिला तपासणीला तयार करणे, एवढेच अवघड काम.