मानस : खाजणाचा दरवाजा

गोव्यात मांडवीच्या किंवा जुवारीच्या काठी, मातीच्या बांधावरून चालताना वाटेत मध्येच एखादा बुटका दगडी पूल लागतो. दोन्ही अंगांना चिऱ्यांच्या भिंती आणि त्यांच्यामध्ये लाकडी कवाडे. वरून जाणाऱ्यास तो नुसता पूलच वाटतो. परंतु माणसांना पलीकडे पोचविणे हे त्याचे दुय्यम काम होय. ही 'मानस'. मराठीच्या विद्यार्थ्यांनी मनाशी गल्लत करू नये. हा कोकणी शब्द स्त्रीलिंगी असून 'मानशीवर', 'मानशीची' असा चालतो.

खाजण म्हणजे खाडीच्या चिखलातून बांध घालून मिळविलेली जमीन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे. भरतीला नदीचे पाणी या शेतांच्या पातळीहून वर चढते. म्हणजे खारे पाणी आत येता कामा नये आणि पावसाचे गोडे पाणी तर बाहेर गेलेच पाहिजे. एकाच भोकातून या दोन्ही गोष्टी साधायच्या!

युक्ती साधी आहे. कवाडे फक्त नदीकडे उघडतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याचा दाब त्यांना घट्ट मिटवितो. ओहोटीला नदी उतरली की आत साचलेले पाणी त्यांना ढकलून वाट करून घेते. दिवसातून दोनदा, कोणी हात न लावता. ना पंप, ना इंजिन. कवाडांना मट्टीचे, म्हणजे ऐनाचे लाकूड वापरीत, कारण ते खाऱ्या पाण्यात टिकते. पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ विरघळते, ते याच वाटेने निघून जाते आणि मग खारटपणा सोसणारे 'कोरगूट' भात पेरतात.

मानशीच्या आत पाणी साठण्यासाठी सखल जागा असते, तिला पोंय म्हणतात. तिच्यात कोळंबी आणि मासे वाढतात. ओहोटीला पाणी बाहेर धावू लागले की मानशीच्या तोंडाशी जाळे लावायचे. ही मासळी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. त्यावर देखरेख गांवकरीची, म्हणजे जमिनीची सामाईक मालकी असलेल्या ग्रामसंस्थेची. तिचे रीतिरिवाज अफोंसो मेशियाने १५२६ च्या सनदेत नोंदविले, तेव्हाही ते जुनेच होते. बांधाला भोक पडले तर रातोरात माणसे जमविणे हेही तिचेच काम.

खरी अडचण इथेच आहे. मासळीवाल्याला भरतीचे पाणी आत हवे, कारण त्याबरोबर मासे येतात. भातवाल्याला ते नको. पीक निघाल्यावर थोडे पाणी घेण्यात वावगे काही नाही. पण कवाड किती वेळ उघडे ठेवायचे हे लिलाव घेणाराच ठरवू लागला, तर दोन-चार भरत्यांत शेत खारावते. असे शेत पूर्ववत व्हायला पावसाळेच्या पावसाळे लागतात. तोवर तिथे कांदळवन उगवते, आणि मग त्याला पुन्हा शेत म्हणणे अवघड होते.

१९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन मिळाली. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. बांध आणि मानशी यांची जबाबदारी मात्र गांवकरीकडून कुळांच्या संघांकडे गेली. काही गावांत संघ जागे राहिले. काही ठिकाणी लिलावाचे पैसे आले, पण फळ्या बदलल्या गेल्या नाहीत. पुष्कळांनी शेती सोडून नोकरी धरली, त्यामुळे बांध फुटला तरी धावून जाणारा उरला नाही. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने खाजणांना खास संरक्षण दिले आहे. तरी कुजलेली फळी पावसाळ्यापूर्वी कोणीतरी जाऊन बदलावीच लागते.